मराठी मजकूर, यंत्राचे प्रशिक्षण आणि देशोदेशीचा कॉपीराइट: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

नागपुरात कॉपीराइटच्या कागदपत्रांचे काम करताना गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे येऊ लागली आहेत. पहिली म्हणजे लेखक किंवा दिवंगत लेखकांचे वारस. आपले पुस्तक कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या यंत्राने वाचले असेल तर काय करता येते, हे त्यांना समजून घ्यायचे असते. दुसरी म्हणजे वऱ्हाडी आणि झाडीबोलीतला मजकूर गोळा करून त्यावर भाषेचे मॉडेल, म्हणजे भरपूर मजकूर वाचून (यालाच प्रशिक्षण म्हणतात) स्वतः मजकूर लिहायला शिकणारी संगणक प्रणाली, तयार करू पाहणारी तरुण मंडळी. दोघांचाही प्रश्न एकच असतो: ‘हे कायदेशीर आहे का?’ या स्वरूपात विचारलेल्या प्रश्नाला कोणताही देश सरळ उत्तर देत नाही, म्हणून आधी प्रश्न मोडून घ्यावा लागतो. कोणती प्रत, कोणी, कुठून मिळवून, कोणत्या देशात केली, एवढे ठरले की निम्मे काम होते.

१९९८ सालचा एखादा दिवाळी अंक उदाहरणादाखल घेऊ. तो स्कॅन केला, ही पहिली प्रत. स्कॅनमधून अक्षरे ओळखून मजकूर वेगळा काढला, ही दुसरी. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी या टंकातली जुनी फाइल मिळाली आणि ती युनिकोड या आजच्या प्रमाण संकेतात बदलून घेतली, तर ती आणखी एक. मग तो मजकूर सर्व्हरवर ठेवला, प्रशिक्षणासाठी त्याचे तुकडे केले, मॉडेल घडवले, आणि शेवटी त्या मॉडेलने कोणाला तरी त्यातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवून दिला. या साखळीतील प्रत्येक दुव्याला कायदा स्वतंत्रपणे तपासतो. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १४ नुसार साहित्यकृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेदेखील प्रत काढण्यातच मोडते. म्हणून ‘आम्ही काही छापले नाही’ हा बचाव उपयोगी पडत नाही. डीटीपीवाल्याकडे फाइल आहे म्हणून मजकुरावर त्याचा हक्क निर्माण होत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण सर्वाधिक गैरसमज त्याच ठिकाणी होतो.

हक्क नेमका कोणाकडे आहे

माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणे परदेशी कायद्यापर्यंत पोहोचतच नाहीत, ती घरच्या कपाटातल्या कागदावरच अडतात. त्यामुळे या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

पुस्तकाचे मुखपृष्ठ उलटून हक्काची ओळ वाचावी: ‘सर्व हक्क लेखकाधीन’, ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ किंवा पत्नीचे वा मुलांचे नाव. ही ओळ केवळ दिशा दाखवते, पुरावा असतो तो कराराचा. कलम १९ नुसार हक्क सोपवायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी सोपवावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मर्यादित धरला जातो.

एका कादंबरीकाराच्या मुलीने माझ्यासमोर ठेवलेला कागद मला अजून जसाच्या तसा आठवतो. दोन पानी टंकलिखित करार, तारीख २००३ मधली, ‘प्रकाशनाचे सर्व हक्क’ असे शब्द, आणि ‘____ वर्षांकरिता’ या जागी भरायची राहून गेलेली रेघ. त्या कोऱ्या रेघेमुळे प्रकाशकाकडचे हक्क २००८ मध्येच संपलेले होते आणि पुढच्या सगळ्या वाटाघाटी करण्याचा अधिकार कुटुंबाकडे परत आलेला होता. तिच्या वडिलांना हे हयातीत कोणी सांगितले नाही, याची मला मनापासून खंत वाटली.

याच नियमाबाबत एकदा माझ्याकडून चूकही झाली आहे. १९९१ च्या एका करारालाही मी पाच वर्षांचा हिशेब लावला आणि वारसांना तसा सल्ला देऊन बसलो. कलम १९ चे पोटकलम ७ सांगते की १९९४ ची दुरुस्ती अंमलात येण्यापूर्वीच्या करारांना हे नियम लागू होत नाहीत, आणि ती दुरुस्ती अंमलात आली १० मे १९९५ रोजी. चूक पत्र पाठवण्याआधी लक्षात आली. तेव्हापासून मी करारातला पहिला शब्द वाचण्याआधी त्याची तारीख वाचतो, आणि तुम्हीही तसेच करावे.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये लेखकांच्या बाजूने आणखी एक तरतूद आली. करार झाला त्या वेळी जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता अथवा व्यापारी वापरात नव्हता, त्याचा करारात नेमका उल्लेख नसेल, तर तो हक्क सोपवला गेला असे मानता येत नाही. माझ्या मते यंत्राचे प्रशिक्षण हा असाच नवा प्रकार आहे, आणि २०१५ च्या करारातले ‘सर्व इलेक्ट्रॉनिक हक्क’ हे मोघम शब्द त्याला पुरेसे नाहीत. प्रकाशक उलट युक्तिवाद करतील. तरीही लेखकाने ही भूमिका पहिल्याच पत्रात नोंदवून ठेवावी.

दिवाळी अंकांचे गणित वेगळे आहे. तिथे बहुधा करार नसतोच. संपादकाचा फोन येतो, कथा जाते, मानधनाचा धनादेश येतो. लेखक त्या अंकाचा नोकर नसतो आणि लेखी हक्कांतरण झालेले नसते, त्यामुळे कथेचा हक्क लेखकाकडेच राहतो. साहजिकच, पंचवीस वर्षांचे अंक एकगठ्ठा प्रशिक्षणासाठी विकण्याचा अधिकार अंकाच्या मालकाकडे नसतो. झाडीपट्टी रंगभूमीच्या संहितांबाबतही हेच लागू आहे. वडशाच्या एखाद्या नाट्यमंडळाकडे हस्तलिखित संहितांचा गठ्ठा असेल, लेखकाला ठरलेली रक्कमही दिलेली असेल, पण लेखी हक्कांतरण नसेल, तर परवानगी नाटककाराकडूनच घ्यावी लागेल. जात्यावरच्या ओव्यांना एक असा कर्ता नसतो, मात्र त्या गाणाऱ्या बाईंना आपल्या सादरीकरणावर आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असतो, ही बाब विसरू नये.

यानंतर मुदत मोजावी. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याला, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे संरक्षण मिळते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून भारतात मुक्त आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत थांबावे लागेल. सुरेश भट २००३ मध्ये गेले, तिथे मुदत २०६३ अखेरपर्यंत चालते. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. अनुवादाची मुदत अनुवादकाच्या आयुष्यावरून ठरते, मूळ लेखकाच्या नव्हे.

भारतात मुक्त झालेले सगळीकडे मुक्त असते असे मात्र नाही. भारतात जे १ जानेवारी १९९६ रोजी संरक्षित होते, अशा जुन्या परदेशी प्रकाशनांना अमेरिकेने प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण बहाल केले. १९५० मध्ये वारलेल्या लेखकाचे १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक त्यामुळे नागपुरात मोकळे आहे, पण अमेरिकेत २०३० अखेरपर्यंत बंधनात आहे. तुमचा मजकूर अमेरिकेतील सर्व्हरवर जाणार असेल, तर हा हिशेब तुम्हालाही करावा लागेल.

देशागणिक काय बदलते

१८८६ चा बर्न करार आणि त्यावर उभे राहिलेले पुढचे करार यांमुळे मराठी पुस्तकाला जवळपास जगभर संरक्षण आहे आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. परंतु ते संरक्षण किती, हे जिथे ते मागितले जाते त्या देशाचा कायदा ठरवतो. एकच पुस्तक, एकच कृती, आणि चार देशांत चार उत्तरे, हे शक्य आहे.

अमेरिकेत परवानगीविना केलेला वापर रास्त आहे का, हे ठरवणारी ‘फेअर यूज’ नावाची खुली कसोटी आहे. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेले प्रमाण आणि बाजारावरचा परिणाम, असे चार घटक न्यायाधीश तोलतात. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन न्यायाधीशांनी दोन दिवसांच्या अंतराने निकाल दिले. भाषेची मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्या. विल्यम अल्सप यांनी पुस्तकांवर प्रशिक्षण देणे फेअर यूज ठरवले, मात्र चोरट्या संकेतस्थळांवरून लाखो पुस्तके उतरवून स्वतःचे ग्रंथालय उभारणे त्यात बसत नाही, असे स्पष्ट केले. मेटाविरुद्धच्या खटल्यात न्या. विन्स छाब्रिया यांनी दावा लावणाऱ्या लेखकांच्या विरोधात निकाल दिला, पण यंत्राने निर्माण केलेल्या लेखनाच्या पुरामुळे मूळ पुस्तकांचा बाजार बुडतो हे पुराव्यानिशी मांडले, तर निकाल उलटही लागू शकतो, असे सुचवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत थॉमसन रॉयटर्सच्या खटल्यात प्रतिस्पर्धी विधिसंशोधन साधनासाठी केलेला वापर फेअर यूज नाही, असा निर्णय आला होता.

अँथ्रॉपिकचे प्रकरण पुढे दीड अब्ज डॉलरच्या तडजोडीत मिटले. सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तके, म्हणजे प्रत्येकी साधारण ३,००० डॉलर. हा आकडा वाचून माझ्याकडे अनेक मराठी लेखकांनी चौकशी केली आणि प्रत्येक वेळी मला तेच उत्तर द्यावे लागले: त्या यादीत येण्यासाठी पुस्तक अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठरावीक मुदतीत नोंदवलेले असणे आवश्यक होते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत ते क्वचितच घडते. परदेशी लेखक तिथे नोंदणीशिवाय दावा लावू शकतो, पण कायद्याने ठरवून दिलेली भरपाई, जी हेतुपुरस्सर भंगासाठी प्रत्येक कृतीमागे १,५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकते, ती मागायची तर भंगापूर्वी किंवा प्रकाशनानंतर तीन महिन्यांच्या आत नोंदणी लागते. ज्या पुस्तकाला इंग्रजी अनुवादामुळे किंवा ई-बुकमुळे अमेरिकेत वाचक आहे, त्याची तिथे नोंदणी करून घ्यावी, असे मी आता आवर्जून सुचवतो.

युरोपीय संघात कसोटी खुली नाही, लिहून ठेवलेला अपवाद आहे. संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाचे कलम ३ संशोधन संस्थांना, आणि कलम ४ इतर सर्वांना, वैध मार्गाने उपलब्ध झालेल्या मजकुराचे यांत्रिक विश्लेषण करू देते. मात्र कलम ४ मध्ये हक्कधारक ‘माझा मजकूर वापरू नका’ असे राखून ठेवू शकतो आणि इंटरनेटवरच्या मजकुरासाठी ही सूचना यंत्राला वाचता येईल अशी द्यावी लागते. संकेतस्थळ असलेल्या प्रत्येक मराठी प्रकाशकाने म्हणूनच रोबोट्स डॉट टीएक्सटी (मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांना सूचना देणारी संकेतस्थळावरची फाइल) मध्ये आणि वापराच्या अटींमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी हे राखून ठेवावे. या कामाला एक दुपार पुरते. युरोपच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानुसार २ ऑगस्ट २०२५ पासून सर्वसाधारण वापराची मॉडेल तिथल्या बाजारात आणणाऱ्यांना कॉपीराइटविषयक धोरण ठेवावे लागते आणि प्रशिक्षणाच्या मजकुराचा सारांश जाहीर करावा लागतो, प्रशिक्षण कोणत्याही देशात झालेले असो. तो सारांश आपल्या संकेतस्थळाचे नाव शोधण्यासाठी उघडून पाहावा. जर्मनीतील दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत: सप्टेंबर २०२४ मध्ये हॅम्बर्गच्या न्यायालयाने लायॉन या संस्थेने संशोधनासाठी केलेला चित्रसंच वैध ठरवला, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या मॉडेलमध्ये गाण्यांचे शब्द ‘पाठ’ होऊन बसणे हीच प्रत आहे, असे म्हटले.

त्याच नोव्हेंबरमध्ये लंडनच्या न्यायालयाने छायाचित्रे पुरवणाऱ्या गेटी इमेजेसच्या खटल्यात नेमके उलट मत दिले: चित्रे तयार करणारे मॉडेल बनवणाऱ्या स्टेबिलिटी कंपनीच्या मॉडेलमध्ये चित्रांच्या प्रती साठवलेल्या नाहीत, म्हणून ते मॉडेल ही बेकायदा प्रत ठरत नाही. प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा नसल्याने त्यावरचा मुख्य दावा गेटीने आधीच सोडून दिला होता, आणि जागा सिद्ध करण्याला किती महत्त्व आहे हे त्यावरून कळते. ब्रिटनच्या कायद्यातील अपवाद बिगरव्यापारी संशोधनापुरता आहे.

जपानमध्ये २०१९ पासून लागू असलेले कलम ३०-४ बरेच उदार आहे. कृतीचा आस्वाद घेणे हा हेतू नसेल तर विश्लेषणासाठी ती वापरता येते, हक्कधारकाचे अवाजवी नुकसान होत नसेल तोवर. सिंगापूरच्या २०२१ च्या कायद्यातील कलम २४४ संगणकीय विश्लेषणाला व्यापारी हेतूसाठीही मुभा देते आणि करारानेही ती काढून घेता येत नाही, पण मजकूर वैध मार्गाने मिळालेला हवा. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असा अपवाद देणार नसल्याचे जाहीर केले. चीनच्या २०२३ च्या तात्पुरत्या नियमांत प्रशिक्षण देताना बौद्धिक संपदेचा भंग करू नये एवढे बंधन आहे.

हे ऐकून एका तरुणाने मला विचारले होते, ‘सर, मग आम्ही टोकियोतला सर्व्हर भाड्याने घेतला तर?’ पुस्तक धंतोलीतल्या खोलीत स्कॅन होणार असेल तर पहिली प्रत नागपुरात झाली आणि तिला भारतीय कायदा लागतो. पुढचा सर्व्हर कुठेही असला तरी ती प्रत धुऊन निघत नाही.

भारतात आज काय गृहीत धरून चालावे

भारतात प्रशिक्षणासाठी वेगळा अपवाद नाही. कलम ५२ च्या पहिल्या खंडात संशोधनासह खासगी किंवा वैयक्तिक वापर, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी ‘फेअर डीलिंग’ची, म्हणजे परवानगीविना रास्त वापराची, मुभा आहे. विद्यापीठातला एखादा विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी छोटा संच वापरत असेल, तर त्याला तिचा आधार घेता येईल. मॉडेल विकणाऱ्या कंपनीने त्यावर विसंबून राहू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि न्यायालयाने चार प्रश्न निश्चित केले: प्रशिक्षणासाठी साठवण, उत्तरे देताना होणारा वापर, कलम ५२ चे संरक्षण, आणि सर्व्हर अमेरिकेत असताना भारतीय न्यायालयाचा अधिकार. यातला चौथा प्रश्न मला सर्वांत कळीचा वाटतो, कारण कलम ६२ मुळे लेखक आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे नागपुरातही, दावा लावू शकतो. भंगाची कृतीच देशाबाहेर झाली असेल तर मात्र त्या सोयीचा कितपत उपयोग, हे तिथे ठरायचे आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाच्या समितीने एक कार्यपत्रिका प्रसिद्ध केली. वैध मार्गाने मिळालेल्या सर्व कृती प्रशिक्षणासाठी वापरण्याचा सक्तीचा परवाना असावा, लेखकाला नकाराचा हक्क नसावा, पण मॉडेलपासून उत्पन्न सुरू झाल्यावर एका मध्यवर्ती संस्थेमार्फत मानधन मिळावे, असा तिचा सूर आहे. हा कायदा नाही, प्रस्ताव आहे. नकाराचा हक्क काढून घेणे मला मान्य नाही. तरीही उद्या अशी वाटप-व्यवस्था आलीच, तर कागद नीट असलेल्यालाच पैसे मिळतील.

मजकूर गोळा करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवावी: कृती, कर्ता, मृत्युवर्ष, हक्कधारक, परवानगीची तारीख, प्रत कुठून मिळाली, ती कुठे साठवली. न्यायनिर्णय, आणि सोबत भाष्य किंवा इतर स्वतंत्र मजकूर असेल तर अधिनियमही, कलम ५२ नुसार वापरता येतात, पण निर्णयांच्या खासगी संपादित आवृत्तीतल्या टिपा वापरता येत नाहीत. मराठी विकिपीडियाचा मजकूर श्रेय देण्याच्या आणि त्याच परवान्याखाली पुढे देण्याच्या अटीवर खुला आहे. सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट वाचता येते म्हणजे त्याची प्रत काढून मॉडेलला देण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही.

ज्यांना आपले लेखन वापरले गेल्याचा संशय आहे, त्यांनी मॉडेलला विचारलेला प्रश्न, आलेले उत्तर, तारीख आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. मजकूर शब्दशः येत असेल तरच त्याला वजन असते, कथानक सांगता येणे हा पुरावा नव्हे. पुस्तकाची चोरटी पीडीएफ कुठे दिसली तर ती ज्या सेवेवर आहे तिला लेखी तक्रार द्यावी: कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ नुसार तिने ३६ तासांत कार्यवाही करायची असते आणि न्यायालयाचा आदेश २१ दिवसांत आणला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो, म्हणून वकील आधी गाठावा. भरपाईच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. भारतात नोंदणी ऐच्छिक आहे, पण ५०० रुपयांत होणारी ती नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते.

नव्या करारात मी पुढील कलम घालतो, तुम्हीही ते आपल्या गरजेनुसार बदलून वापरावे: ‘या करारान्वये प्रकाशकास केवळ मराठी भाषेतील मुद्रित व ई-बुक आवृत्तीचे हक्क ____ वर्षांकरिता भारतापुरते देण्यात येत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोणत्याही प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी, चाचणीसाठी किंवा संदर्भसंचासाठी या साहित्याचा वापर करण्याचा वा तशी परवानगी देण्याचा हक्क लेखकाने स्वतःकडे राखून ठेवला आहे.’ सही करण्यापूर्वी कोरी रेघ भरलेली आहे की नाही, ते दोघांनीही पाहावे. दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवण्याचे फोन जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. कथा पाठवताना त्याच ई-मेलमध्ये ‘फक्त या अंकात एकदा छापण्यासाठी’ एवढे एक वाक्य लिहावे आणि ‘मान्य’ असे उत्तर आल्यानंतरच हस्तलिखित जोडावे.